कुणाच्या घराण्यातलं

डाइन्झे, ९ मार्च १९९२

मार्निक्स,

हे पत्र मेरेल्बेकच्या लॉकवर, कालव्याच्या दरवाज्यांपाशी, ठेवायला दिलंय. तिथला माणूस म्हणाला, तुझी बोट गहू भरून या आठवड्यात खाली येणार आहे, दरवाजे उघडताना हातात देईन. पाकिटावरचं माझं अक्षर बघून त्याचा चेहरा पडला. "कुणी गेलं का हो?" म्हणाला. मी म्हटलं, नाही. नव्यानं कुणी नाही.

तुझी आई खणखणीत आहे. वेर्लेही बरी आहे. उलट तिला दिवस गेलेत, तिसरा महिना लागेल आता. हे तिनं तुला कळवायचं, मी नव्हे, पण ती म्हणाली, "आई, आधी तू पपांना लिही. तुमच्या दोघांचं माझ्या तोंडून चालवू नका. मी आता पोस्टमन होणार नाही." पोरीला तुझी जीभ मिळालीय.

तर मुद्दा असा. तुला डॉक्टर मेस आठवते? दोमिनिकच्या वेळी शिकाऊ होती. नस सापडेना, लेकरू किंचाळत होतं, आणि शेवटी हीच रडायला लागली, तेव्हा तू तिला आपला रुमाल दिला होतास. ती आता त्या विभागाची मोठी डॉक्टर आहे. तिनं मला बोलावून घेतलं.

दोमिनिकच्या मूत्रपिंडातली गाठ काढली ना, तिचा एक तुकडा त्यांनी मेणाच्या वडीत जपून ठेवला होता. इतकी वर्षं. मी तिच्यावर ओरडलेच. म्हटलं, आम्ही लेकरू पुरलं आणि तुम्ही त्याचा तुकडा फडताळात ठेवलात? ती शांतपणे म्हणाली, "हो, ठेवला. तुम्ही दोघांनी मला विचारलं होतं, असं का झालं. तेव्हा मला सांगता आलं नाही, म्हणून ठेवला."

आता एक जनुक सापडलंय म्हणे. पोटात मूल घडत असताना मूत्रपिंडं कशी बांधायची ते हेच जनुक बघतं, आणि मुलाचे अवयव घडवायचे की मुलीचे, त्यातही याचाच हात असतो. दोमिनिकच्या त्या तुकड्यात या जनुकातलं एक अक्षर चुकलेलं आहे. एकच. म्हणून जन्मतानाच मुलगा की मुलगी ते कुणाला सांगता येईना, म्हणून लघवीतून सगळं सत्त्व वाहून जाऊन अंग सुजायचं, म्हणूनच ती गाठ. आपल्याला वाटायचं, एकामागून एक दुर्दैवं आपलंच दार शोधत येताहेत. ते एकच होतं.

ही चूक कधी आईबापांकडून येते. धडधाकट माणसाच्या अंगातही ती लपून असू शकते. तशी असली तर वेर्लेतही असू शकेल, आणि वेर्लेत असली तर पोटातल्या बाळातही. म्हणून तिघांचंही रक्त हवंय. डॉक्टरची चिठ्ठी सोबत जोडली आहे. घेंटला बोट लाव, इस्पितळात जा, सुई टोचून घे, परत जा. मी त्या वेळी तिथे असेन की काय, याची काळजी करू नकोस.

इर्मा


डाइन्झे, ३० मार्च १९९२

मार्निक्स,

तुझं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला फ्रान्समधल्या दुएचं चर्च, मागच्या बाजूला तीन वाक्यं. "जे झालं ते झालं. माझ्या रक्तात बघण्यासारखं काही नाही. वेर्लेला शुभेच्छा."

शुभेच्छा! पोटची पोर आहे ती, सायकलच्या शर्यतीला नाही निघालेली.

मी हे कार्ड तिला दाखवलं नाही. तिला सांगितलं, तू फ्रान्समध्ये अडकला आहेस, कालव्याचं काम चाललंय. तुझ्यासाठी मी खोटं बोलायची ही काही पहिली खेप नव्हे, पण आता मला त्याचा कंटाळा आलाय.

तिचं रक्त काढायला मी सोबत गेले होते. ती बाही वर करून बसली आणि डॉक्टरला सरळच म्हणाली, "निघालं तर काय, ते आत्ताच सांगा. नंतर मला ऐकू येणार नाही."

डॉक्टर म्हणाली, "निघालं तर बाळातही ते असायची शक्यता निम्मी. असलंच, तर जन्मल्यापासून आम्ही त्याच्या मागे लागू. दर थोड्या महिन्यांनी पोटाची तपासणी करू. गाठ लहान असताना सापडली तर आता बहुतेक मुलं वाचतात. मूत्रपिंडं गेली तर एवढ्याशा मुलांनाही डायलिसिस करता येतं. पुढे दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवता येतं."

"म्हणजे दोमिनिक आत्ता जन्मलं असतं तर…" वेर्ले म्हणाली.

डॉक्टर पेनाचं टोपण लावत-काढत बसली. मी उठून खिडकीपाशी गेले. खाली कुणीतरी गाडी उलटी घेत होतं, ते नीट जमेपर्यंत बघत राहिले.

परतीच्या बसमध्ये वेर्लेनं सगळं खोदून खोदून विचारलं. तिला लहानपणीचं फार थोडं आठवतं. दोमिनिकचे केस गेले होते ते आठवतं, आणि तू त्याला डेकवर नेऊन दोरखंडाच्या वेटोळ्यात बसवायचास ते. मी तिला नावाची गोष्ट सांगितली. नगरपालिकेतला तो कारकून हातात लेखणी घेऊन थांबलाय, "मुलगा की मुलगी?" आणि तू म्हणतोस, "दोमिनिक लिहा. दोघांनाही चालतं. बाकीचं सवडीनं." कारकून म्हणाला होता, सवडीनं चालत नाही. तू म्हणालास, "माझ्या बोटीवर चालतं."

इस्पितळातल्या प्रोफेसरांचंही सांगितलं. त्यांना शस्त्रक्रिया करून दोमिनिकची मुलगी करायची होती, तेच सोपं पडतं म्हणे, आणि आईबापांनी पुन्हा कधी त्याचा उच्चार करायचा नाही. तू म्हणालास, ज्यानं त्याच्या जिवाला धोका असेल ते सगळं काढा, पण बाकीच्याला हात लावायचा नाही. त्याला बोलता येऊ दे, मग त्यालाच विचारू. मीही तेच म्हटलं. तेवढ्या एका गोष्टीत आपण दोघं कधी वेगळे नव्हतो. हे मी पोरीला मुद्दाम सांगितलं, कारण तिनं आपल्याला एकत्र असं फारसं बघितलेलंच नाही.

तिनं विचारलं, "मग मी त्याला काय म्हणायचे? भाऊ की बहीण?"

"तू 'आमचं' म्हणायचीस," मी म्हटलं. "आमचं दोमिनिक. आमचं झोपलंय, आमचं उठलं."



रक्त दे, मार्निक्स. चिठ्ठी हरवली असेल तर दुसरी पाठवते.

इर्मा


डाइन्झे, २७ एप्रिल १९९२

मार्निक्स,

वेर्लेनं तुला सांगितलं असेलच. तिच्यात काही नाही. त्या जनुकाच्या दोन्ही प्रती स्वच्छ आहेत, डॉक्टरनं मला पडद्यावरच्या काळ्या पट्ट्या दाखवल्या. मला त्यातलं काही कळलं नाही, तरी मी मान डोलवत राहिले. वेर्ले आणि तिचा नवरा बाहेर पडल्यावर गाडीतळावरच नाचले. मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला परत गेले आणि दोनदा मीठ घातलेलं सूप पोरांना वाढलं. एकही पोर कुरकुरलं नाही. तुला सांगते, आमच्या शाळेच्या सूपची कीर्तीच तशी आहे.

म्हणजे आता तुझ्या रक्ताची कुणालाच गरज राहिली नाही. डॉक्टरही म्हणाली, "इर्मा, आता हे सोडून द्यायला हरकत नाही."

मी सोडणार होते. खरंच. पण मी माझं रक्त देऊन बसले आहे, आणि तुला सांगून टाकते, मला भीती वाटते. माझ्यात निघालं तर काय, याची. आणि निघालं नाही तर काय, याची त्याहून जास्त. कारण मग ते तुझ्याकडून आलं असेल, आणि इतकी वर्षं मी वाट बघितल्यासारखा मला आनंद होईल. असा आनंद मला नकोय.

मी कशाबद्दल बोलते आहे ते तुला ठाऊक आहे. दफनानंतर चर्चच्या मागच्या खोलीत कॉफी होती. माणसं हॅमचे पाव खात होती, कुणी तरी दुसऱ्याच कुणाच्या लग्नाबद्दल बोलायला लागलं होतं, तेव्हा तुझ्या आईनं कप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं."

मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्या शेजारीच बसला होतास. तू बशीतला पाव दोन्ही हातांनी तोडत होतास, खात नव्हतास, नुसता तोडत होतास. तू एक शब्द बोलला नाहीस. पुढच्या आठवड्यात तू दगडी कोळसा भरायला निघून गेलास आणि मी जमिनीवरच राहिले. लोकांना वाटलं, इर्माला बोटीचा वीट आला. मला बोटीचा वीट कधीच आला नव्हता.

तू गप्प बसलास म्हणजे तुलाही तसंच वाटत होतं, असं मी धरून चालले. आणखी काय धरायचं होतं मी?

आता वेर्लेला तुझं रक्त नकोय. मला हवंय. ही एवढीच गोष्ट मी तुझ्याकडे मागते आहे. नाही म्हणायचं असेल तर या खेपेला निदान कार्डावर चर्च नको.

इर्मा


डाइन्झे, १४ जून १९९२

प्रिय मार्निक्स,

तुझं पत्र मी आधी उभ्यानं वाचलं, मग बसून. तुला एवढं लांब लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं. लग्नाआधीसुद्धा तू मला फक्त कुठे किती पाणी आहे तेवढं लिहायचास.

मला कधी कळलंच नाही. ती पिंपं आठवतात मला. दोमिनिक पोटात राहिलं त्याच्या आधीचा हिवाळा. अँटवर्पहून कीटकनाशक भरलं होतं, एक पिंप गळत होतं आणि तू फडकं घेऊन ते पुसत होतास. रात्री कपड्यांना वास यायचा म्हणून मी तुला बाहेरच अंघोळ करायला लावलं होतं आणि हसले होते. त्यानंतर तू ते पिंप डोक्यातून काढलंच नाहीस. तू लिहितोस, "आई तसं बोलली तेव्हा मला वाटलं, तोंड उघडलं तर खरं बाहेर पडेल की मीच विष घरात आणलं. तू मला घराबाहेर काढशील, असं वाटलं. म्हणून मग मीच निघालो."

अरे मूर्खा! अरे बैला! मी इथे तुझी वाट बघत बसले होते, की हा एकदा तरी आईला म्हणेल, गप्प बस. आणि तू तिकडे नदीवर स्वतःलाच फाशी देत होतास.

मी पत्र घेऊन डॉक्टर मेसकडे गेले. रागावू नकोस, सगळं वाचून नाही दाखवलं, पिंपांपुरतंच. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांना सांगा, त्या पिंपांमुळे झालं असं म्हणायला मला काहीही आधार नाही. नक्की नाही असंही मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण मी खोटं बोलत नाही. पण अशी चूक ज्यांच्या मुलांत सापडली त्यात शिक्षक आहेत, शिंपी आहेत, एका पाद्र्याची बहीण आहे. त्यांनी कुणी पिंपं वाहिली नव्हती. प्रत्येक माणूस जन्मताना अशा काही चुका नव्यानं घेऊनच येतो. तुम्ही, मी, सगळेच. बहुतेक चुका रिकाम्या जागी पडतात. एखादी नको तिथे पडते."

हे मी तुला शब्दाला शब्द लिहिते आहे. तू तुझ्या केबिनच्या भिंतीवर लाव.

आणि हो, मला कळलंय. नर्सनंच सांगितलं. "तुमचे ते बोटवाले येऊन गेले की," म्हणाली. "केवढे हात! आणि सुई बघितल्यावर भिंतीपेक्षा पांढरे पडले. आम्ही साखर घातलेला चहा पाजला." मग म्हणाली, "जाताना मला विचारत होते, इर्मा नीट जेवते का. मी म्हटलं, बाबा, मी नर्स आहे, खानावळ नाही चालवत."

नीट जेवते. तुझं काय?

इर्मा


डाइन्झे, १२ जुलै १९९२

प्रिय मार्निक्स,

डॉक्टर तुलाही रीतसर कळवणार आहे, पण मी तिला आठ दिवस थांबायला सांगितलं. हे तुला माझ्याकडून कळायला हवं.

तुझ्यात नाही. माझ्यातही नाही.

दोघांतही नाही. ती चूक दोमिनिकपाशी सुरू झाली आणि दोमिनिकपाशीच संपली. लेकरू घडायला लागलं त्याच घटकेला, कुठल्याही कारणाशिवाय, लिहिणाऱ्याचा हात हलावा तसं एक अक्षर हललं. डॉक्टर म्हणाली, "कुणी केलं नाही, कुणी आणलं नाही, कुणाला टाळता आलं नसतं."

मला वाटलं होतं, असं काही ऐकलं की माझं अंग हलकं होईल. तसं झालं नाही. मी इस्पितळाबाहेरच्या बाकावर बसले आणि इतकी रडले की एक अनोळखी म्हातारा सायकलवरून उतरून माझ्या शेजारी उभा राहिला. इतकी वर्षं मी रागावलेली होते, मार्निक्स. तुझ्यावर, तुझ्या आईवर, स्वतःच्या पोटावर. तो राग बाजूला केला तर त्याखाली दोमिनिक तसंच होतं. त्याच्यासाठी असं रडायला मला तोवर सवडच झाली नव्हती.

मग मी नेव्हेलेला गेले. वृद्धाश्रमात, तुझ्या आईकडे. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास. ती खिडकीजवळ वाटाणे सोलत होती. तिथे स्वयंपाक करावा लागत नाही, पण तिला ते सोलायला देतात, नाहीतर ती बायकांना बोलत सुटते.

"कोण? इर्मा?" म्हणाली. "मी मेले असं कुणी सांगितलं का तुला?"

मी तिला सगळं सांगितलं. जनुक वगैरे तिला पटलं नाही, पण मी शेवटी म्हटलं, "आई, ते माझ्या घराण्यातलं नव्हतं. तुमच्याही नव्हतं."

"मग कुणाच्या?"

"कुणाच्याच नाही."

"असं कधी होतं का? जे येतं ते कुठून तरी येतंच."

"हे नाही आलं. झालं."

ती एक शेंग हातात घेऊन बसली. उघडली नाही. मला वाटलं, आता ती माझी माफी मागेल. नाही मागितली. ती तुझी आई आहे. ती म्हणाली, "मग मी एवढी वर्षं जो राग धरलाय, तो ठेवू कुठे?"

मी म्हटलं, "मलाही तेच कळत नाहीये."

आम्ही दोघींनी मिळून उरलेले वाटाणे सोलले. मी जायला उठले तशी तिनं माझी बाही पकडली. "त्याचे कान बघितले होतेस तू? दोमिनिकचे? वरून टोकदार?"

"हो, बघितले होते की."

"माझ्या बापाचे तसे होते," ती म्हणाली. "डिट्टो. मी पहिल्या दिवशीच ओळखले होते, पण बोलले नाही कुणाला." आणि मग मान ताठ करून, त्या दिवशी कॉफीच्या टेबलावर काढला होता अगदी त्याच आवाजात म्हणाली, "ते मात्र आमच्या घराण्यातलं."

इर्मा


डाइन्झे, २२ ऑक्टोबर १९९२

प्रिय मार्निक्स,

तू बीटची खेप संपवून महिनाअखेर येतोस असं वेर्ले म्हणाली, म्हणून हे घाईनं लॉकवर ठेवते.

नातीचं रडणं तू फोनवर ऐकलंस म्हणे. तर ऐक, ती बघायलाही तेवढीच जोरकस आहे. लोट्टे नाव ठेवलंय. डोकं तुझ्यासारखं मोठं, बिचारी वेर्ले. डॉक्टर मेस स्वतः येऊन बघून गेली, गरज नसताना. लघवी तपासली, पोट चाचपलं, आणि म्हणाली, या बाळापाशी माझं काही काम नाही. दारापर्यंत गेली आणि परत येऊन पुन्हा एकदा पाळण्यात वाकून बघितलं.

मी वेर्लेला विचारलं होतं, मुलगी आहे, दोमिनिक ठेवायचं का? ती म्हणाली, "नको आई. ते नाव त्याचं आहे. त्याच्यापाशीच राहू दे." तिचं बरोबर आहे.

आता दुसरं. दरवर्षी एक नोव्हेंबरला, सर्वसंतांच्या दिवशी सकाळी, मी शेवंतीची कुंडी घेऊन कबरस्तानात दोमिनिककडे जाते. दरवर्षी तिथे आधीच एक पांढरी कुंडी असते. माती अजून ओली, दगड पुसलेला, आणि अक्षरांतलं शेवाळ चाकूच्या टोकानं खरवडून काढलेलं. कुणाची ते मी कधी विचारलं नाही. माझी कुंडी तिच्या शेजारी ठेवते, जरा जागा सोडून, आणि घरी येते.

या वेळी पहिली तारीख रविवारी आली आहे. मी दहाच्या सुमाराला फाटकापाशी असेन.

आदल्या दिवशी जाऊ नकोस.

तुझी
इर्मा